जादा भात

भाचीचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "मामा, तुम्ही लोक इथे स्वस्तात कुठे जेवायचात रे? सगळंच महाग आहे." तिला अमेरिकेत अर्बाना-शॅम्पेनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला जाऊन जेमतेम दोन आठवडे झालेत, मीही तिथलाच. आईने बांधून दिलेलं मेतकूट, लाडू आणि भाजणी संपायला साधारण तेवढाच वेळ लागतो, हे मी स्वानुभवावरून सांगतो. मी उत्साहाने टाइप करायला घेतलं. ग्रीन स्ट्रीटने राइट स्ट्रीटकडे ये, अल्मा मेटरच्या पुतळ्यापाशी पोचायच्या आधी आतल्या गल्लीत वळ, तिथे एक चायनीज आहे. इथवर आलो आणि अंगठा थांबला. दुकानाचं नाव आठवत नव्हतं असं नाही. नावाच्या आधी गल्ल्यावर चिकटवलेली ती पाटी आठवली. वीस वर्षं झाली तरी ती पाटी आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात. मेसेज तसाच अर्धवट ठेवून मी दिवा मालवला आणि अर्थातच झोप आली नाही.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी तिथे गेलो तेव्हा डॉलर सेहेचाळीस रुपयांना होता. हा आकडा मला माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या कुठल्याही मार्कांपेक्षा पक्का आठवतो, कारण पहिले सहा महिने आम्ही प्रत्येक गोष्टीला सेहेचाळीसने गुणायचो. केस कापणं, केळी, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये टाकायचं नाणं, सगळ्याला. आम्ही चौघं एका घरात राहायचो आणि एकमेकांना गावाच्या नावाने हाका मारायचो: नाशिककर, सांगलीकर, नागपूरकर आणि मी पुणेकर. त्या गल्लीतल्या चायनीजमध्ये लंच स्पेशल सव्वापाच डॉलरला मिळायचं. एक डिश, एक वाटी भात, एक वाटी सूप, आणि स्टीलच्या किटलीतून हवा तेवढा जाईचा वास असलेला चहा. सव्वापाच गुणिले सेहेचाळीस म्हणजे दोनशे चाळीसच्या वर. पुण्यात तेव्हा पस्तीस-चाळीस रुपयांत राइस प्लेट येत होती. म्हणून आम्ही चौघांत दोनच स्पेशल मागवायचो आणि भात मात्र पुन्हा पुन्हा मागायचो.

दुकान कसलं, एक लांबट खोली होती. आठ-दहा टेबलं, त्यातलं एक कायम डुगडुगणारं. भिंतीवर पदार्थांचे उन्हाने निळे पडलेले फोटो, प्रत्येक टेबलावर कोंबड्याच्या चित्राची लाल सॉसची बाटली, आणि आत खिडकीपलीकडे कढईचा असा आवाज, की कुणी रागाने भांडी आपटतंय असं वाटावं. ते आचारी म्हणजे मालकिणीचे यजमान. त्यांचा चेहरा मी दोन वर्षांत तीन-चारदाच पाहिला असेन. बाहेरचं सगळं बाई बघायच्या. ऑर्डर, गल्ला, फोन, टेबलं पुसणं. गर्दी ओसरली की कोल्ड्रिंकच्या फ्रीजशेजारच्या टेबलावर बसून त्या फरसबीच्या शिरा काढायच्या. समोर त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा शाळेचा अभ्यास करत बसलेला असायचा. आम्ही आपसात त्यांना काकू म्हणायचो. त्यांच्याशी बोलताना अर्थातच नाही. तिथे नुसतं "एक्सक्यूज मी, मोअर राइस प्लीज."

मंचुरियन मागून स्वतःचं हसं करून घेण्याचा विधी आम्ही प्रत्येकाने एकेकदा उरकला होता. ते मूळचं मुंबईचं आहे हे पुढे केव्हातरी कळलं. मग आम्ही लसणाच्या रश्श्यातल्या वांग्यावर आणि टोफूवर स्थिरावलो. नाशिककर शाकाहारी, त्यामुळे मापो टोफूमधला डुकराचा खिमा वगळून घ्यावा लागायचा. काकू दर वेळी "नो मीट?" असं दोनदा विचारायच्या. दुसऱ्यांदा जरा कीव आल्यासारखं.

आता भाताचं. चिनी माणूस वाटी तोंडाजवळ नेऊन भात खातो. वरचा पदार्थ तोंडी लावणं, खरं जेवण म्हणजे तो वाटीतला पांढरा भात. आपलं तसं नाही. आपल्याला रस्सा दिसला की भात कालवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि कालवलं की भात कमी पडतो, भात घेतला की रस्सा कमी पडतो. शिवाय आपलं जेवण भाताच्या पायऱ्यांनी चढत जातं. पहिला वरणभात, मग मधला भात, मग मागचा ताकभात. सांगलीकर या बाबतीत कर्मठ होता. मागच्या भाताशिवाय जेवण झालंच नाही असं तो शांतपणे सांगायचा. सप्टेंबरच्या शेवटी एके दिवशी तिसऱ्यांदा भात आल्यावर त्याने जाकिटाच्या खिशातून दह्याचा प्लास्टिकचा डबा काढला. झाकणाचा पत्रा सोलला, डबा वाटीत उपडा केला, टेबलावरच्या पुडीतलं मीठ टाकलं आणि चार बोटांनी व्यवस्थित कालवला. ते दही इकडच्यासारखं सैल नसतं, खरवसासारखं थरथरतं. आम्ही खिदळलो. नागपूरकर म्हणाला, लोणच्याची फोड कुठाय. आणि मग वाटी फिरली आणि आम्ही चौघांनी त्यातला एकेक घास खाल्ला. काकू गल्ल्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मूल चपलेत पाणी भरून पितंय असं काहीतरी बघितल्यावर माणूस जसा बघतो, तशा बघत होत्या.

दोन आठवड्यांनी पाटी लागली.

निळ्या मार्करने लिहिलेला, वहीचा अर्धा कागद. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: एक्स्ट्रा राइस, १ डॉलर. खाली बारीक अक्षरांत एक चिनी ओळ. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. मी जन्माचा पुणेकर. दुपारी एक ते चार दुकान बंद, आमची कोठेही शाखा नाही, पत्ता विचारू नये, या सगळ्या पाट्यांचे मी परगावच्या मित्रांना रंगवून किस्से सांगितलेले. पाटी दुसऱ्यासाठी असते आणि आपण ती वाचून हसायचं असतं, अशी माझी जन्मजात समजूत. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात, एक पाटी खास माझ्यासाठी लिहिली जाईल असं कधी वाटलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. काकूंनी नेहमीसारखा चहा आणून ठेवला. आम्ही चौघांनी दोन वाट्या भात वाटून घेतला आणि वांग्याचा रस्सा अर्धा तसाच राहिला.

घरी आल्यावर मात्र आम्ही इंजिनिअर झालो. पन्नास पौंडांची गोणी, म्हणजे बावीस किलोच्या वर. एका वाटीला शंभर ग्रॅम तांदूळ धरला तरी सव्वादोनशे वाट्या. गोणी वीस डॉलरला धरली तर वाटी पडते नऊ सेंटला. नऊ सेंटचा भात डॉलरला! नागपूरकराने हे सगळं कागदावर मांडून तो कागद आमच्या फ्रीजला चिकटवला, म्हणजे आम्हीही पाटीच लावली. त्या हिशेबात काय नव्हतं ते आज मला एका दमात सांगता येईल. साडेबाराच्या गर्दीत दारात लोक उभे असताना आम्ही सव्वा तास अडवलेलं टेबल नव्हतं. दार उघडलं की शेतांवरून अडथळ्याशिवाय आत घुसणारा वारा आणि त्यासाठी चालू ठेवलेला हीटर नव्हता. टिप म्हणून आम्ही ठेवायचो तो एक डॉलर आणि वर काही चिल्लर, तेही नव्हतं. इलिनॉयमध्ये वाढप्याला किमान वेतनाच्या साठ टक्केच दिले तरी कायद्याला चालतात, बाकीचं टिपमधून निघेल असं धरलेलं असतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. कळल्यावर आम्ही टिप दोन डॉलर केली आणि स्वतःला फार उदार समजलो.

त्या युनिव्हर्सिटीत कँपसच्या मधोमध मक्याचं एक जुनं प्रयोगशेत आहे, मॉरो प्लॉट्स. १८७६ पासूनचं. शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली तेव्हा इमारतीची सावली मक्यावर पडू नये म्हणून ती १९६९ मध्ये चक्क जमिनीखाली बांधली. नव्या विद्यार्थ्यांना हे कौतुकाने दाखवतात. मी पण भाचीला दाखवलं असतं. त्या जमिनीखालच्या लायब्ररीत, वर ऊन खात उभ्या मक्याच्या शेजारी बसून, मी एकदा अभ्यास सोडून अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांविषयी वाचत बसलो होतो. पाटीची बोच दुसरं काय. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती, आणि १९१५ मधल्या कोर्टाच्या एका निकालाने हॉटेलमालक त्या व्यापाऱ्यांत धरले जाऊ लागले. झालं, हॉटेलं निघाली. म्हणजे हौस म्हणून नव्हे, देशात शिरायचा एक दरवाजा किलकिला होता म्हणून. पुढच्या काळात फूच्यान प्रांतातून, त्यातही फूचौच्या आसपासच्या खेड्यांतून लोक आले. न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये त्यांना नोकऱ्या देणाऱ्या एजन्सीज आहेत. तिथे नोकऱ्यांच्या यादीत गावाचं नाव नसतं, टेलिफोनचा एरिया कोड असतो. अमुक कोडला आचारी पाहिजे, तमुक कोडला फोन घेणारी. बस पकडायची आणि जायचं. आमच्या गावाचा कोड २१७. मी जीआरईचे मार्क आणि रँकिंगचा तक्ता बघून तिथे पोचलो होतो, तोही एक आकडाच. काकू कशा पोचल्या होत्या ते मी कधी विचारलं नाही. त्यांना "हाऊ आर यू" च्या पुढे काहीच विचारलं नाही.

पाटीची दुसरी ओळ मला कळली ती पुढच्या वर्षी. माझ्या लॅबमध्ये चीनमधल्या चेंगडूचा एक मुलगा होता. त्याला मी मोठ्या अभिमानाने "आमच्या" चायनीजमध्ये नेलं. मापो टोफूचा पहिला घास खाऊन तो म्हणाला, हे मापो नाही. जीभ बधिर कुठे होतेय? त्याने खिशातून कागदाची पुडी काढली (माणसं खिशातून काय काय काढतात!) आणि त्यातली तांबूस फुटकी फळं चुरून टोफूवर टाकली. वास नाकात गेला आणि मी अर्बानातून थेट रत्नागिरीला, आजोळच्या स्वयंपाकघरात. तिरफळ! बांगड्याच्या आमटीत आजी ठेचून टाकायची ते. तंतोतंत तेच नव्हे, पण सख्खं चुलत भावंड. जीभेला मुंग्या आल्या. त्याचं ते फळ, म्हणजे सिचुआन मिरी, अमेरिकेत आणायला १९६८ पासून बंदी होती, त्यातून लिंबा-संत्र्याच्या झाडांना रोग लागेल या भीतीने, आणि ती नेमकी त्याच वर्षी, २००५ मध्ये उठत होती. त्याची पुडी आधीचीच असणार, मी चौकशी केली नाही. माझ्या सूटकेसमधून काय काय आलं होतं ते मला माहीत होतं.

पैसे द्यायला गल्ल्यापाशी उभे असताना मी त्याला सहज विचारलं, खाली काय लिहिलंय रे? त्याने वाचलं. "भात पुरला नाही तर आवर्जून सांगा."

"आणि पैसे?"

"पैशाचं काही नाही लिहिलेलं."

त्या रात्री आमच्या घरी पार्लमेंट भरलं. नागपूरकराच्या मते हा सरळसरळ दुजाभाव होता: आपल्याला दर, त्यांना आग्रह. नाशिककर म्हणाला, दही त्यांनी काढलं होतं का खिशातून? सांगलीकर काहीच बोलला नाही, उठून भांडी घासायला लागला. शेवटी प्रयोग करायचं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. पुढच्या आठवड्यात चेंगडूवाल्याला पुन्हा घेऊन गेलो आणि त्यालाच भात मागायला लावला, त्याच्या भाषेत. काकू हसून काहीतरी म्हणाल्या, तो हसून काहीतरी म्हणाला, आणि शिगोशीग भरलेली वाटी आली. इंग्रजीत मागितलेली वाटी कधी इतकी भरलेली नसायची. मी मनात म्हटलं, बघ. मग बिल आलं. मी ते त्याच्या हाताखालून ओढून घेतलं. सगळ्यात खाली, हाताने लिहिलेलं: १.००.

त्याने पाहिलंसुद्धा नाही, नोटा काढायला लागला. मी म्हटलं, अरे, पाटीवर तर पैशाचं काही नव्हतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "भात घेतला तर पैसे पडणारच ना? ते पाटीवर कशाला लिहायचं? लिहिलं तर वाईट दिसतं."

सदाशिव पेठेत कॉलेजच्या दिवसांत मी ज्या काकूंकडे जेवायला जायचो त्यांची आठवण आली. जिन्याखालची दोन टेबलं, भिंतीला दत्ताचा फोटो. "पोळी लागली तर सांगा हो, संकोच करायचा नाही," असं त्या रोज प्रत्येकाला म्हणायच्या. महिनाअखेरीला लाल पुठ्ठ्याच्या वहीत त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं असायचं: जादा पोळ्या ७. मी सात पोळ्यांचे पैसे देताना कधी गोणीभर गव्हाचा हिशेब मांडला नाही. उलट काकू किती प्रेमाने वाढतात हे घरी सांगायचो. इथे तीच बाई, तीच वही. फक्त मला इंग्रजी ओळ तेवढी वाचता येत होती.

हे सगळं कळल्यावर शहाणपण यावं की नाही? आम्ही आणखी ताठ झालो. जायचं बंद केलं नाही, तेवढ्या पैशांत दुसरीकडे काही मिळतही नव्हतं. पण भात मागायचा नाही. डिसेंबरात परीक्षांच्या आठवड्यात एकदा गेलो तेव्हा बाहेर बर्फाचा भुगा उडत होता, दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मुलगा फ्रीजशेजारी पाढ्यांचं पुस्तक उघडं ठेवून त्यावरच झोपला होता. आमचं जेवण अर्ध्यावर आलं आणि काकूंनी न मागता एक वाटी भात आणून टेबलाच्या मध्यावर ठेवला. काही बोलल्या नाहीत, किटली उचलून गेल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चुकून आणला असेल. की डॉलर लावणार? नागपूरकर हलकेच म्हणाला, हात लावू नका रे. आम्ही लावला नाही. वाटीतून वाफ निघत होती ती हळूहळू थांबली, वरची शितं सुकून पारदर्शक व्हायला लागली. आम्ही टोफूचा रस्सा चमच्याने नुसताच प्यायलो. सांगलीकर सारखा त्या वाटीकडे बघत होता.

बिलात डॉलर नव्हता.

कोट चढवता चढवता मी मागे पाहिलं. काकू टेबल आवरत होत्या. एका राखाडी प्लास्टिकच्या घमेल्यात ताटल्या टाकत होत्या. त्यांनी ती वाटी उचलली, क्षणभर हातात धरली आणि घमेल्यात उपडी केली. भात चिकट, त्यात गार झालेला. तो विस्कटला नाही. खरकट्या ताटलीवर, सुपाच्या ओघळात, वाटीच्या आकाराची अख्खी मूद पडली. आजी नैवेद्याच्या पानावर पाडायची तशीच. वर फक्त वरण आणि तूप नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर सांगलीकर एकदम कडाडला, "खायला काय झालं होतं रे?" त्याला उत्तर कुणीच दिलं नाही, तोही स्वतःलाच विचारत असावा. ते चुकून होतं की मुद्दाम, हे आम्ही नंतर कित्येकदा घोळवलं. मे महिन्यात मी डिग्री घेऊन निघालो तेव्हा निरोप घ्यायला त्या गल्लीपर्यंत गेलो होतो. दुपारची वेळ, आत रांग लागली होती. मी बाहेरूनच परतलो.

सकाळी उठून भाचीला दुकानाचा पत्ता पाठवून दिला. पाटीचं काही लिहिलं नाही. फक्त शेवटी लिहिलं, टिप वीस टक्के ठेव. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "मामा, तिथे आता बबल टीचं दुकान आहे. आणि टिपचं तू नको सांगूस, इथे स्क्रीनच फिरवून समोर धरतात." ती आणि तिची रूममेट शेजारच्याच दुसऱ्या चायनीजमध्ये गेल्या होत्या. तिने मेनूचा फोटो पाठवला होता, लॅमिनेट केलेला, वर दिव्याचा चकाकता डाग. मी दोन बोटांनी तो मोठा करत करत तळाशी गेलो. होतं. बाकी पदार्थांच्याच टायपात, सरळ रांगेत: भात, अडीच डॉलर. खाली चिनी अक्षरं. ती काय म्हणतात ते वाचायला आता माझ्या ओळखीत कुणी नाही. अडीच गुणिले अठ्ठ्याऐंशी, दोनशे वीस.

तेवढ्यात तिचा आणखी एक मेसेज येऊन पडला. "भात खूपच देतात रे. उरलेला डब्यात घालून आणलाय. रात्री दही कालवून खाईन."

आणि लगेच त्याच्याखाली: "कढीपत्ता कुठे मिळतो?"